मौन की अबोला? सोलापुरातल्या एका वाचनगटाचं प्रकरण

बाळीवेशीतल्या एका घराच्या माडीवर आमचा वाचनगट दर पंधरवड्याला रविवारी दुपारी जमतो. नऊ माणसं आहोत. गेल्या हिवाळ्यात आम्ही एक अमेरिकन कादंबरी घेतली. चार बैठका झाल्या, आणि दुसऱ्या बैठकीपासून गट एका शब्दावर अडून बसला. तो शब्द लेखकाचा नव्हता, माझा होता. कथा मराठीत सांगताना मी तो वापरला होता. परक्या भाषेतलं पुस्तक आपल्या लोकांना सांगणाऱ्या कुणालाही हे उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून घडलं तसं सगळं लिहून ठेवते आहे.

कादंबरी म्हणजे खाइम पोटोक यांची १९६७ साली आलेली ‘द चोझन’. पोटोक (१९२९–२००२) स्वतः रीतसर दीक्षा घेतलेले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होते आणि अमेरिकी सैन्यात धर्मोपदेशक म्हणून कोरियात राहून आले होते. श्रद्धेच्या घरात वाढणं कसं असतं हे त्यांना आतून माहीत होतं. कथा १९४४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू होते. दोन ज्यू शाळांमध्ये चेंडूफळीसारख्या खेळाचा सामना चालू असतो. डॅनी सॉन्डर्सने टोलावलेला चेंडू रूव्हेन मॉल्टरच्या चष्म्यावर बसतो आणि काचेचा तुकडा डोळ्यात जातो. डॅनी दवाखान्यात माफी मागायला येतो, रूव्हेन त्याला हाकलून देतो, डॅनी पुन्हा येतो. तिथून त्यांची मैत्री.

डॅनीचे वडील रेब सॉन्डर्स हे हसिदी या कडव्या ज्यू पंथाच्या एका समुदायाचे प्रमुख. आपल्या लोकांना रशियातून अमेरिकेत आणून वसवणारे. रूव्हेनचे वडील डेव्हिड मॉल्टर शिक्षक आणि अभ्यासक, तेही धर्म पाळणारे, पण ग्रंथाकडे इतिहासाच्या नजरेने बघणारे. डॅनीची स्मरणशक्ती अशी की पान एकदा वाचलं की डोक्यात छापलं जातं. त्याने वडिलांची जागा घ्यायची हे जन्मापासून ठरलेलं, आणि तो मात्र ग्रंथालयात चोरून मनोविश्लेषक फ्रॉइड वाचतो. त्याला ग्रंथालयात पुस्तकं सुचवणारे भले गृहस्थ म्हणजे रूव्हेनचेच वडील, हे दोघांनाही नंतर कळतं.

आमच्याकडे इंग्रजी प्रती दोनच. नवांपैकी चौघं इंग्रजी सहज वाचतात. म्हणून ठरलं की मी दर वेळी काही प्रकरणं मराठीत सविस्तर सांगायची आणि मग बोलायचं. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, गोष्ट सांगायची मला सवय आहे. सवयीमुळेच मी शब्द निवडताना थांबले नाही.

पहिली बैठक सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेमुळे पुढे गेली. नंदीध्वजांच्या त्या दिवसांत बाळीवेशीत शिरायचं म्हणजे गर्दीत एक तास घालवायचा, आणि आमच्यातल्या दोघांच्या घरी पाहुणे होते. जमलो तेव्हा यात्रेचं वारं अजून अंगात होतं. मैत्री आणि श्रद्धा हा विषय म्हटल्याबरोबर आमचे सर म्हणाले, “मग हुतात्मा चौकापासूनच सुरू करू.” सर निवृत्त शिक्षक, कपाळावर रोज भस्म. सोलापुरात असं बोलणं निघालं की मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही चार नावं एका दमात घेतली जातात. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात स्वातंत्र्यलढ्यातल्या या हिंदू-मुसलमान चौघांना एकाच दिवशी फाशी झाली. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आमच्या मैत्रिणीलाही ते आवडलं. तासभर सगळे त्यावरच भरभरून बोलले, आणि कादंबरी बाजूला राहिली.

कारण या कादंबरीत दोन धर्म नाहीतच. दोन्ही मुलं ज्यू, दोघंही शनिवार पाळणारी, दोघंही तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ शिकणारी. तरीही खेळाच्या मैदानावर डॅनीचा संघ समोरच्यांना धर्मभ्रष्ट समजूनच उतरतो. वेगळ्या धर्माच्या माणसाशी मैत्री केली तर गाव कौतुक करतं, निदान भाषणात तरी करतं. आपल्याच धर्मातल्या, आपल्यापेक्षा थोडं सैल पाळणाऱ्या माणसाशी मैत्री करणं अवघड जातं, कारण त्याचं तसं असणं आपल्या घरात प्रश्न होऊन येतं. हे मी त्या दिवशी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही.

(मराठी माणसाला ज्यू परके नाहीत, हेही त्याच दिवशी निघालं. एकाने कोकणातल्या बेने इस्रायलींची आठवण काढली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. एवढ्या एका शब्दाने शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, समजावून सांगायचं माझं काम निम्मं झालं.)

दुसऱ्या बैठकीत मी डॅनीच्या घरात शिरले. हसिदी समुदायाच्या प्रमुखाला त्साद्दिक म्हणतात. त्याला ‘धर्मगुरू’ म्हटलं तर फार कोरडं वाटेल, म्हणून मी ‘महाराज’ म्हणाले, आणि त्याच्या पदाला ‘गादी’. ऐकणाऱ्यांचे चेहरे लगेच उजळले. सोलापुरात मठ, स्वामी, गादी, पट्टाभिषेक हे घराघरातलं बोलणं आहे. सरांनी तर पुढची कथा स्वतःच सांगायला घेतली. आणि मग म्हणाले, “मुलाला नको असेल गादी, तर दुसरा शिष्य बघायचा की! त्यात एवढं काय?”

इथे माझा शब्द पहिल्यांदा आडवा आला. आपल्याकडच्या अनेक मठांत स्वामी ब्रह्मचारी असतात, गादी शिष्याकडे जाते. शिष्य पारखून घेता येतो. हसिदी घराण्यांत ती बहुतेक वेळा बापाकडून मुलाकडे येते. डॅनीला कुणी निवडलेलं नाही, तो त्या जागी जन्मला आहे. ‘गादी’ म्हटल्याने लोकांना घर ओळखीचं वाटलं, पण घरातला पेच त्या ओळखीखाली झाकला गेला. मी तिथेच थांबून फरक सांगितला. हे निस्तरता आलं.

दुसरा शब्द मात्र निस्तरता आला नाही.

रेब सॉन्डर्स आपल्या मुलाशी बोलत नाहीत. एकत्र तालमूद शिकताना तेवढं बोलतात, वाद घालतात, समुदायासमोर प्रवचनात मुद्दाम चूक करून मुलाला ती पकडायला लावतात. पण एरवी एक शब्द नाही. जेवताना नाही, रस्त्याने चालताना नाही. वर्षानुवर्षं. हे सांगताना मी म्हणाले, “महाराजांनी मुलाच्या बाबतीत मौन धरलं होतं.”

माडीवर एक आदर पसरला. मला तो जाणवला आणि खरं सांगायचं तर आवडलाही. सर म्हणाले, ही साधनाच आहे. कुणी गांधीजींच्या सोमवारच्या मौनाची आठवण केली. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, मौनात माणूस स्वतःला ऐकतो, त्या मुलाला तेच शिकवायचं असणार. कथेत या वागण्याचं कारण अजून उघड झालेलं नव्हतं, तरी आमच्या गटाने बापाला माफ करून टाकलं होतं.

गटात एक मुलगी आहे, कायद्याचं शिक्षण घेणारी, बावीस वर्षांची. ती कोपऱ्यातून म्हणाली, “बाई, याला मौन नाही म्हणत. अबोला म्हणतात.”

पुढचा दीड तास त्या एका वाक्यावर गेला, आणि आमच्या गटाच्या सगळ्या बैठकांमध्ये मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. मौन एकट्याचं असतं, असं तिचं म्हणणं. मी मौन पाळलं तर सगळ्या जगाशी पाळते, आणि माझ्यासाठी पाळते. अबोल्याला दोघं लागतात. एक धरणारा, एक सोसणारा. तो ठरावीक माणसाशीच असतो आणि त्या माणसाला तो बोचावा अशीच इच्छा असते. रेब सॉन्डर्स बाकी सगळ्यांशी बोलतात. रूव्हेनशी बोलतात, शिष्यांशी बोलतात. फक्त मुलाशी नाही. मग ते मौन कसं?

यावर अण्णा चिडले. अण्णा पूर्व भागातले, घरात तेलुगू, साठी उलटलेली. तीस वर्षं यंत्रमागावर काढली. मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा आमच्यातला हा एकच माणूस. सहसा ऐकतात, फार बोलत नाहीत.

“मागावर बारा तास उभं राहायचं,” ते म्हणाले. “तिथं बोलणं होतच नाही, हातानं खुणा करायच्या. घरी आलो तरी कानात तोच खडखडाट. पोरं काय काय सांगायची, मला नुसते ओठ हललेले दिसायचे. मी बोललो नाही म्हणजे काय अबोला धरला होता होय पोरांवर?”

कुणीच काही बोललं नाही. ज्यांनी पूर्व भागातल्या गल्लीतून दुपारी चालून बघितलंय त्यांना अण्णांचं म्हणणं समजावून सांगावं लागत नाही. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांचा आवाज भिंतीतून पायाखाली येतो. त्या आवाजात आयुष्य काढलेल्या बापांची एक पिढीच्या पिढी या शहरात घरी गप्प बसलेली आहे. हे गप्प बसणं मौन नाही आणि अबोलाही नाही. त्याला मराठीत काय म्हणायचं, मला अजून सुचलेलं नाही.

मुलीने अण्णांना उत्तर दिलं आणि फार नीट दिलं. “अण्णा, तुम्हाला बोलणं जमत नव्हतं. त्यांना जमत होतं. तालमूद शिकवताना तासन् तास बोलतातच की ते. म्हणजे बोलायचं नाही हे त्यांनी ठरवलेलं आहे. तुम्ही कुठं ठरवलं होतं?”

अण्णा शांत झाले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पुस्तकाचा आधार घेऊन एवढा नेमका फरक त्या मुलीने दाखवला, आणि मी तीस वर्षं भाषा शिकवून ‘मौन’ हा शब्द सहज उचलून दिला होता. इंग्रजीत लेखकाला एका शब्दात भागवता येतं. न बोलणं म्हणजे न बोलणं, त्याच्या आत काय आहे हे वाचकाने शोधायचं. मराठीत मात्र आपल्याला आधीच ठरवावं लागतं. शब्द निवडला की निवाडा झाला. कादंबरी जो प्रश्न शेवटच्या प्रकरणापर्यंत उघडा ठेवते, तो मी दुसऱ्या बैठकीत मिटवून टाकला होता, आणि तोही बापाच्या बाजूने.

तिसरी बैठक लवकर आटपली. महायुद्ध संपतं, युरोपात साठ लाख ज्यू मारले गेल्याचं कळतं. रेब सॉन्डर्स त्याच्याकडे देवाची इच्छा म्हणून बघतात आणि आतून मोडतात. डेव्हिड मॉल्टर म्हणतात, देव अर्थ लावून देईल याची वाट बघत बसता येणार नाही, आणि ज्यू राष्ट्राच्या चळवळीत स्वतःला झोकून देतात, इतकं की हृदयविकाराचा झटका येतो. देवाने पाठवायचा तारणारा, मसीहा, येण्याआधी माणसांनी असं राष्ट्र उभारणं रेब सॉन्डर्सना पाप वाटतं, आणि ते डॅनीला रूव्हेनशी बोलायला बंदी करतात. एकाच महाविद्यालयात दोघं समोरासमोरून जातात, पण बोलत नाहीत. बंदी उठते ती इस्रायल अस्तित्वात आल्यावर. या दुसऱ्या न बोलण्याला काय म्हणायचं यावर मात्र जराही वाद झाला नाही. आमच्यातल्या परिचारिका ताई म्हणाल्या, “हे सरळ वाळीत टाकणं आहे.” ज्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला, तिथल्या माणसांना हा शब्द शोधावा लागत नाही.

त्या दिवशी मला एक खटकलं. मैत्रीची कादंबरी म्हणून आम्ही पुस्तक घेतलं, आणि तीन बैठकांत मैत्रीवर कुणी मनापासून बोललंच नव्हतं. बोलणं सारखं बापाकडे वळत होतं. मला वाटलं, गट भरकटला. ती माझी चूक होती हे चौथ्या बैठकीत कळलं.

चौथ्या बैठकीला शेवटचा प्रसंग. वल्हांडणाचा सण. रेब सॉन्डर्स रूव्हेनला घरी बोलावतात. खोलीत तिघं आहेत. बापाला मुलाशी बोलायचं आहे, इतक्या वर्षांनी. पण ते बोलतात रूव्हेनकडे बघून. डॅनी तिथेच बसलेला. डॅनी चार वर्षांचा असताना त्याने एका गरीब, दुःखी माणसाची गोष्ट वाचली आणि ती शब्दन् शब्द म्हणून दाखवली, आपल्या स्मरणशक्तीवर खूश होऊन. त्या माणसाच्या दुःखाने त्याचं काहीच हललं नव्हतं. बाप हादरला. एवढी बुद्धी आणि आत कणव नाही. आपला भाऊ असाच होता, हे त्यांना आठवलं. म्हणून त्यांनी मुलाशी बोलणं थांबवलं. त्याला वेदना कळावी, आणि स्वतःच्या वेदनेतून दुसऱ्याची कळावी म्हणून. त्यांच्या वडिलांनीही त्यांना असंच वाढवलं होतं. मग ते डॅनीला मोकळं करतात. त्याने मानसशास्त्रज्ञ व्हावं, गादी धाकट्या भावाकडे जाईल. आणि मुलाची क्षमा मागतात.

या वेळी मी मौन म्हणाले नाही, अबोला म्हणाले नाही. “ते त्याच्याशी बोलत नसत,” एवढंच. नाम टाळलं, क्रियापद ठेवलं. सांगून झाल्यावर थांबले.

परिचारिका ताई बोलल्या. त्यांची आई बिड्या वळायची, वडील मागावर. “हा तिसरा मुलगा मधे का बसलाय, कळलं का तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “आमच्या घरात ही जागा आईची होती. अप्पा आणि माझा भाऊ, चार वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. अप्पा आईला म्हणायचे, त्याला सांग फी भरली. तो आईला म्हणायचा, त्यांना सांग मला नको. तिघं एकाच खोलीत. आई बिड्या वळत वळत इकडचं तिकडं सांगायची. कधी कधी अप्पा बोलायचे एक आणि आई सांगायची वेगळंच, जरा गोड करून.”

“बघा,” कायद्याची मुलगी म्हणाली, “अबोल्यातच असं तिसऱ्यामार्फत बोलतात. मौनात नाही.” ती जिंकली होती, पण तिच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता.

आणि मग आम्ही मैत्रीवर बोललो. कादंबरीच्या सुरुवातीला रूव्हेनचे वडील त्याला पूर्वजांचं एक वचन सांगतात, की माणसाने स्वतःसाठी एक गुरू करावा आणि एक मित्र मिळवावा. मी ते पहिल्या बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि विसरले होते. आता त्याचा अर्थ लागला. मित्र तो, ज्याच्यामार्फत बाप मुलाशी बोलू शकतो. रूव्हेनने त्या खोलीत काहीच केलेलं नाही, फक्त बसून राहिला. रेब सॉन्डर्सने त्याला पूर्वी दोनदा बोलावलं होतं आणि तो गेला नव्हता, रागाने, हट्टाने. ते दोन प्रसंग मी सांगताना गाळले होते, बारीक वाटले म्हणून. इंग्रजी वाचणाऱ्या एका सदस्याने आठवण करून दिली. मित्र मधे बसायला तयार नव्हता म्हणून बापाचं बोलणं लांबत गेलं, हे कळल्यावर आधीची अख्खी कथा वेगळी दिसायला लागली.

सर त्या दिवशीही मौनावर ठाम राहिले. त्यांचं म्हणणं, परिणाम बघा, मुलगा सहृदय झाला. मुलगी म्हणाली, तो सहृदय झाला तो रूव्हेनमुळे आणि त्याच्या वडिलांमुळे. उर्दूच्या शिक्षिका म्हणाल्या की त्यांच्या घरी याला बोलचाल बंद म्हणतात, आणि बंद झालेलं दार उघडता येतं, त्यामुळे त्यांना तो शब्द बरा वाटतो. शेवटी डेव्हिड मॉल्टर डॅनीला विचारतात, तू तुझ्या मुलालाही असंच वाढवशील का? डॅनी म्हणतो, हो, दुसरा मार्ग सापडला नाही तर. या उत्तरावर गट सरळ दुभंगला, आणि अण्णा मुलीच्या बाजूला गेले. “दुसरा मार्ग असतोय की,” एवढंच म्हणाले. मीही त्याच बाजूची आहे. बापाच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, तरी लहान मुलाला ही शिक्षा मला मान्य होत नाही, आणि चांगल्या हेतूने ती लहान होत नाही.

आम्ही उठत होतो तेव्हा ताईंनी आणखी एक विचारलं. “डॅनीला आई आहे ना? मग मधे तिला का नाही बसवलं?”

मी पुस्तक पुन्हा चाळलं. डॅनीची आई आहे, पण ती कथेच्या कडेला आहे. बहीण आहे, तिचं लग्न होऊन जातं, तिचं नाव आपल्याला कळत नाही. रूव्हेनची आई आधीच गेलेली. बाप आणि मुलगे यांच्यावर इतक्या मायेने लिहिणाऱ्या लेखकाने घरातल्या बाईला एकदाही विचारलेलं नाही की तुला हे दिसत होतं ना. अनेक वर्षं हे पुस्तक माझ्या आवडीचं आहे, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पाचवी बैठक ठरलेली नव्हती, आता ठरवली आहे. ताई आपल्या आईला घेऊन येणार आहेत. त्यांना कादंबरी माहीत नाही. फक्त त्या तिघांच्या खोलीची गोष्ट सांगायची आणि विचारायचं, अप्पांचं बोलणं गोड करून सांगताना त्या नेमकं काय बदलायच्या.